हुकअपविना ट्रेलर कॅम्पिंग: आधी खर्च, मग भरणा आणि शेवटी बॅटरी

राष्ट्रीय वनांत किंवा बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन-व्यवस्थापन खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर, जिथे हुकअप, म्हणजे ट्रेलर जोडायला विजेचा खांब, नाही अशा ठिकाणी, ट्रेलर लावून राहण्याची तयारी अमेरिकेतील आपली बहुतेक मराठी कुटुंबे बॅटरी विकत घेण्यापासून सुरू करतात. पहिली चूक तिथेच होते. दोन दिवसांत बॅटरी संपली की आणखी मोठी बॅटरी आणली जाते, ती तिसऱ्या दिवशी संपते आणि दोष बॅटरीवर येतो. बॅटरी ही गच्चीवरची टाकी आहे. घरात पाणी किती लागते आणि नळाला रोज किती येते हे ठाऊक नसताना टाकीचा आकार ठरवण्यात अर्थ नसतो. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी रोजचा खर्च, मग रोजचा भरणा आणि त्यानंतर बॅटरी.

सर्व हिशेब एकाच उदाहरणावर केले आहेत. चौघांचे कुटुंब, साधारण २२ फुटी ट्रेलर, ऑक्टोबर महिना, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ अशा तीन रात्री, आणि जागा ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळचे कोकोनिनो राष्ट्रीय वन. तिथली उंची जवळपास ७,००० फूट असल्यामुळे दिवसा स्वच्छ ऊन असले तरी रात्रीचे तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरते. ट्रेलरच्या विजेची खरी परीक्षा अशाच हवेत होते. आपली जागा आणि ऋतू वेगळे असतील तर आकडे बदलावेत, क्रम मात्र तोच ठेवावा.

१. रोजचा खर्च कागदावर मांडणे

ट्रेलरमधील वस्तू दोन प्रकारच्या विजेवर चालतात. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा आणि गॅसगळतीचा सेन्सर यांना बॅटरीची १२ व्होल्ट वीज थेट मिळते. मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर आणि इलेक्ट्रिक कुकर यांना घरासारखी १२० व्होल्ट वीज लागते आणि ती इन्व्हर्टरमधून येते. हिशेब दोन्हींचा अँपिअर-तासांतच करावा, कारण बॅटरीवर तोच आकडा छापलेला असतो. थेट चालणाऱ्या वस्तूचे अँपिअर तिच्या वापराच्या तासांनी गुणावेत. इन्व्हर्टरवरच्या वस्तूसाठी वॅटना तासांनी गुणून १० ने भागावे. भागाकार १२ ने न करता १० ने केला की इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज आपोआप धरली जाते.

आपल्या उदाहरणातील एका दिवसाचा खर्च असा येतो:

फर्नेसचा पंखा, ७ अँपिअर, रात्रभरात मिळून साडेचार तास: ३२
गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, २४ तास: १०
सेन्सर, रेडिओ, अँटेनाचा बूस्टर वगैरे सतत चालू राहणारे: १४
एलईडी दिवे: ४
पाण्याचा पंप: ३
चार फोन, यूएसबीवर: ५
एक लॅपटॉप: ६
१,००० वॅटचा इलेक्ट्रिक कुकर, २० मिनिटे: ३३
मिक्सर, ५ मिनिटे: ५
इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याचा खर्च, ४ तास: ६

बेरीज ११८ अँपिअर-तास होते.

या यादीत लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. पहिले ठिकाण म्हणजे सतत चालू राहणाऱ्या वस्तू. गॅसचा सेन्सर किंवा रेडिओच्या पडद्यावरचे घड्याळ कोणी खर्चात धरत नाही, पण अर्ध्या अँपिअरची कुरतड २४ तास चालली की १२ अँपिअर-तास जातात. दुसरे ठिकाण म्हणजे फर्नेस. ती प्रोपेनवर चालते म्हणून तिला वीज लागत नाही अशी समजूत आहे, परंतु गरम हवा ट्रेलरभर फिरवणारा पंखा बॅटरीवरच चालतो आणि थंडीत तोच यादीतल्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक ठरतो. फर्नेस लहान असेल तर पंखा ३ अँपिअर घेतो, मोठी असेल तर १० पर्यंत. आपला आकडा फर्नेसवरील पट्टीवर पाहावा.

फ्रिजचा प्रकारही आधीच ओळखावा. गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गॅसवर असताना बॅटरीला फारसा भार देत नाही. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये मात्र १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज येतो आणि त्याला गॅसचा पर्यायच नसतो. तो दिवसाला ४० ते ७० अँपिअर-तास खातो. आपला फ्रिज तसा असेल तर वरच्या यादीतील १० च्या जागी ६० लिहून बेरीज पुन्हा करावी.

तपासणी: यादीत छतावरचा एअर कंडिशनर लिहिला असेल तर तो खोडावा. १३,५०० बीटीयूचा एसी इन्व्हर्टरमार्फत चालवला तर बॅटरीतून १३० ते १५० अँपिअर ओढतो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी पाऊण तासही पुरत नाही. बॅटरीवर एसी चालवणे हा वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या खर्चाचा विषय आहे. उकाड्यात एसी हवाच असेल तर हुकअपची जागा घ्यावी किंवा उंचावरच्या थंड गावी जावे.

२. यादीतून काय काढायचे ते ठरवणे

बॅटरीवर पैसे घालण्याआधी यादीवर पेन्सिल चालवणे नेहमीच स्वस्त पडते. आपल्या उदाहरणात एकटा इलेक्ट्रिक कुकर चौथ्या हिश्शाहून अधिक वीज घेतो, आणि तेच वरण-भाताचे काम शिट्टीचा साधा कुकर गॅसच्या शेगडीवर एक अँपिअरही न घेता करतो. चटणी आणि वाटण घरून करून गोठवून नेले की मिक्सरही सुटतो. आता इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपसाठी तासभर लावायचा आणि काम झाले की बटणाने बंद करायचा. बेरीज ७५ वर येते.

किटली, इंडक्शन, टोस्टर, केस वाळवण्याचे यंत्र, थोडक्यात विजेने उष्णता तयार करणारी प्रत्येक वस्तू, या टप्प्यावर घरी ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. मिनिटभर चालणारा मिक्सर परवडतो, पण बॅटरीवर चहाचे आधण ठेवणे परवडत नाही.

फर्नेसचा खर्च कमी करायचा असेल तर रात्री थर्मोस्टॅट ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवून अंगावर रजई वाढवावी आणि छतावरील झरोक्यात फोमची उशी बसवावी. विजेशिवाय चालणारे प्रोपेनचे छोटे हीटर मिळतात, पण ते खिडकी किंचित उघडी ठेवून आणि माणसे जागी असतानाच वापरावेत.

इशारा: झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावणारे कोणी बरोबर असेल तर त्याचा खर्च यादीत सर्वांत वर लिहावा आणि तो कधीही कापू नये. हवा ओलसर करणारा त्याचा हीटर बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते, मात्र तसे करायचे की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. इंटरनेटसाठी सॅटेलाइटची थाळी नेणार असाल तर तीही इथेच लिहावी. स्टारलिंकची मोठी थाळी ७५ ते १०० वॅट घेते आणि दिवसभर चालू ठेवली तर बाकी सगळ्या यादीपेक्षा जास्त खाते.

उरलेल्या ७५ मध्ये थंडी, पाहुणे आणि विसरून चालू राहिलेले दिवे यांसाठी २० टक्के वाढवावेत. आपला कामाचा आकडा झाला रोज ९० अँपिअर-तास. त्यातले अंदाजे ६० रात्री जातात आणि ३० दिवसा.

३. रोजचा भरणा किती होईल ते पाहणे

हुकअप नसताना बॅटरी भरण्याचे मार्ग तीनच आहेत: सोलर, जनरेटर आणि ट्रेलर ओढणारी गाडी. तिन्हींकडून लोक जितकी अपेक्षा करतात त्याहून कमी वीज मिळते.

सोलर. पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात. छतावर आडव्या बसवलेल्या पॅनेलसाठी छापील वॅट गुणिले त्या जागेचे पूर्ण उन्हाचे तास गुणिले ०.७ असा हिशेब धरावा. पूर्ण उन्हाचे तास म्हणजे उजेडाचे तास नव्हेत. ऑक्टोबरात फ्लॅगस्टाफजवळ उघड्यावर ते साडेचार ते पाच मिळतात, त्यामुळे २०० वॅटच्या पॅनेलमधून दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास वीज बॅटरीत जाते. तेच पॅनेल डिसेंबरात फिनिक्सला नेले तर पूर्ण उन्हाचे सुमारे तीन तास मिळतात आणि सिएटलला एकही धड मिळत नाही. उन्हाळ्यातल्या अनुभवावर हिवाळ्याची सहल आखणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे.

सावलीचा फटका याहून मोठा असतो. कोकोनिनोत पाँडेरोसा पाइनची उंच झाडे आहेत आणि त्यांच्या खाली जागा सुंदर वाटते, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या क्षेत्रफळापेक्षा कितीतरी जास्त घटते. ट्रेलरला सावली हवी आणि पॅनेलला ऊन, हा झगडा सोडवण्यासाठी जमिनीवर ठेवायचे घडीचे पॅनेल कामास येते. ते सूर्याकडे कलते करता येते म्हणून हिवाळ्यात ते छतावरील पॅनेलपेक्षा जास्त देते.

जनरेटर. इथली सर्वांत मोठी चूक अशी, की जनरेटरवर १२ व्होल्टचे सॉकेट दिसते म्हणून बॅटरी त्यालाच जोडली जाते. त्या सॉकेटमधून साधारण ८ अँपिअरच येतात आणि ते नियंत्रितही नसतात, म्हणजे दिवसभर जनरेटर चालवून जेमतेम रात्रीची भरपाई होईल. ट्रेलरची मुख्य केबल जनरेटरच्या १२० व्होल्टच्या सॉकेटला जोडावी, म्हणजे ट्रेलरमधला कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे यंत्र) बॅटरी भरू लागतो. तो ४५ अँपिअरचा असेल तर तासाभरात लिथियम बॅटरीत जवळजवळ ४५ अँपिअर-तास जातात. लीड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांनंतर वीज सावकाश घेते, त्यामुळे तिच्यासाठी त्याच तासात ३० धरावेत. शेवटचे २० टक्के जनरेटरने भरणे म्हणजे पेट्रोल जाळणे आहे. ते काम दुपारच्या उन्हावर सोपवावे.

उंचीचाही हिशेब ठेवावा. दर १,००० फुटांना जनरेटरची शक्ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. २,२०० वॅट असे लिहिलेला जनरेटर सलग १,८०० वॅटच देतो आणि ७,००० फुटांवर तो १,४०० पर्यंत येतो. कन्व्हर्टरला तेवढे पुरतात, पण त्याच वेळी पाणी तापवण्याचा इलेक्ट्रिक हीटर चालू असेल तर पुरत नाहीत.

ओढणारी गाडी. गाडी चालू असताना ७-पिनच्या प्लगमधून ट्रेलरची बॅटरी भरते हे खरे, पण ती तार बारीक आणि लांब असल्याने बॅटरीपर्यंत बहुधा ५ ते ८ अँपिअरच पोहोचतात. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफपर्यंत ट्रेलरसह तीन तास लागले तर १५ ते २४ अँपिअर-तास मिळतील. जास्त हवे असतील तर जाड तारांसह डीसी-टू-डीसी चार्जर बसवून घ्यावा लागतो, जो २० ते ४० अँपिअर देतो.

इशारा: गॅस-विजेच्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला काही ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालण्याचीही सोय असते. प्रवासात तो तसा चालवला तर १० ते १५ अँपिअर किंवा अधिक घेतो, म्हणजे गाडीकडून येते त्याहून जास्त, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असते. फ्रिज आदल्या दिवशी घरच्या विजेवर थंड करावा आणि तीन-चार तासांच्या प्रवासात बंद ठेवून त्याचे दार उघडू नये.

४. आता बॅटरीचा आकार

खर्च आणि भरणा समोर असले की आकार जवळपास स्वतःच ठरतो. लीड-ॲसिड बॅटरीची छापील क्षमता निम्मीच वापरण्याजोगी मानावी, कारण त्याखाली वारंवार नेली तर ती लवकर मरते. गोठणबिंदूजवळ तिची क्षमता आणखी पाचव्या हिश्शाने कमी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची ८० ते ९० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येते.

बऱ्याच नव्या ट्रेलरबरोबर विक्रेता ग्रुप २४ आकाराची एकच लीड-ॲसिड बॅटरी देतो. तिची क्षमता ८० अँपिअर-तासांच्या आसपास असते, वापरण्याजोगे ४०, आणि थंडीत ३२. आपला रात्रीचा खर्च ६० आहे. पहाटे काय होते हे पाहण्यासारखे आहे: व्होल्टेज उतरते, फर्नेसचा पंखा फिरत राहतो पण मंद, आणि पुरेसा वारा नसल्यामुळे सुरक्षा-स्विच ज्योत पेटूच देत नाही. मग फर्नेस बिघडली असे समजून लोक दुरुस्तीवाल्याला गाठतात.

सहा व्होल्टच्या दोन गोल्फकार्ट बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर १२ व्होल्टला २२० अँपिअर-तास मिळतात. थंडीत वापरण्याजोगे ८८. शुक्रवारच्या रात्री ६० गेले, शनिवारी सकाळी जनरेटरने ३० आले, दिवसाच्या उन्हातून खर्च वजा जाता २० आले, म्हणजे १० ची तूट. दुसऱ्या रात्रीनंतर तूट ७०, रविवारी ती पुन्हा २० वर, आणि सोमवारी सकाळी ८०. जमते, पण रोज तासभर जनरेटर चालवला तरच.

लिथियमच्या १०० च्या दोन बॅटऱ्या घेतल्या तर शनिवारी सकाळी २०० पैकी १४० उरतात, संध्याकाळी १६०, रविवारी सकाळी १००, संध्याकाळी १२० आणि सोमवारी सकाळी ६०. जनरेटर लागलाच नाही. मात्र एक दिवस ढगाळ गेला आणि ५० ऐवजी १५ च मिळाले तर सोमवारी २५ उरतात. त्या दिवशी तासभर जनरेटर लावावा.

माझ्या मते वर्षातून दोन-तीनदाच आणि तेही उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी गोल्फकार्ट बॅटऱ्यांवर भागवावे. थंडीत जाणाऱ्यांनी, आणि ज्यांना जनरेटरचा आवाज नको आहे त्यांनी, लिथियम घ्यावी. वजनाचा फरकही लहान नाही, कारण ट्रेलरच्या जिभेवर (गाडीला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या दांड्यावर) येणारे वजन गाडीच्या मर्यादेत बसवावे लागते.

तपासणी: दोन बॅटऱ्या समांतर जोडताना दोन्ही एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात. ट्रेलरकडे जाणारी धन तार एका बॅटरीवरून आणि ऋण तार दुसरीवरून काढावी, म्हणजे दोन्ही सारख्या वापरल्या जातात. जुनीच्या जोडीला नवी बसवू नये.

५. जोडणी आणि सेटिंग

या टप्प्यावर विजेच्या कामाची सवय नसलेल्यांनी जाणत्या माणसाची मदत घ्यावी. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, परंतु बॅटरीच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागते.

पहिली गोष्ट कन्व्हर्टर. लिथियम पूर्ण भरायला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, आणि जुने कन्व्हर्टर १३.६ च्या आसपास थांबतात. बॅटरी बदलली पण कन्व्हर्टर तोच ठेवला तर ती कूर्मगतीने भरते आणि क्वचितच पूर्ण होते. पॅनेलची वीज बॅटरीत बेताने सोडणाऱ्या सोलरच्या कंट्रोलरवरही बॅटरीचा प्रकार बदलावा लागतो. हे सेटिंग राहून गेले म्हणून होणाऱ्या तक्रारी सर्वांत जास्त असतात.

दुसरी गोष्ट सोलर जोडण्याचा क्रम. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. ट्रेलरच्या अंगावरील सोलर प्लगमध्ये घडीचे पॅनेल लावण्याआधी मल्टिमीटरने धन आणि ऋण टोके तपासावीत, कारण काही प्लगमध्ये ती उलट असतात. तो प्लग थेट बॅटरीला जातो की आतल्या कंट्रोलरला, हेही शोधावे. थेट जात असेल तर पॅनेलबरोबर कंट्रोलर हवाच. आत कंट्रोलर असेल तर पॅनेलवरचा काढावा. एकापुढे एक दोन कंट्रोलर नीट चालत नाहीत.

तिसरी गोष्ट इन्व्हर्टर. तो प्युअर साइन वेव्ह प्रकारचा, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, घ्यावा, बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा आणि धन तारेवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज ठेवावा. १,००० वॅटला बॅटरीतून १०० अँपिअर वाहतात, त्यामुळे बारीक तार तापते आणि इन्व्हर्टर कमी व्होल्टेज दाखवून बंद पडतो. लीड-ॲसिड बॅटरीतून भरताना हायड्रोजन निघतो. तिच्याच पेटीत इन्व्हर्टर ठेवू नये.

इशारा: ट्रेलरची मुख्य केबल स्वतःच्याच इन्व्हर्टरला जोडायची असेल तर कन्व्हर्टरचा ब्रेकर आधी पाडावा. नाहीतर बॅटरीतून निघालेली वीज इन्व्हर्टरमधून कन्व्हर्टरमध्ये आणि तिथून पुन्हा बॅटरीत फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडी वाया जाते. भरल्या बॅटरीनिशी झोपून सकाळी ती रिकामी सापडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

चौथी गोष्ट शंट. लीड-ॲसिडमध्ये विश्रांतीनंतरचे व्होल्टेज पाहून अंदाज येतो: १२.७ म्हणजे पूर्ण, १२.१ म्हणजे निम्मी. लिथियमचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहते आणि मग एकदम कोसळते, त्यामुळे भिंतीवरच्या चार दिव्यांच्या पट्टीवर विसंबू नये. शंट आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजतो. ट्रेलरच्या सर्व ऋण तारा त्याच्या एकाच बाजूला असल्या पाहिजेत. एक जरी थेट बॅटरीवर राहिली तर तिची वीज मोजली जात नाही आणि आकडा खोटा येतो.

६. घराच्या ड्राइव्हवेमध्ये एक रात्र

निघण्याच्या किमान आठवडाभर आधी बॅटरी पूर्ण भरून ट्रेलरची केबल घरापासून काढावी आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत जसे वनात राहणार तसेच राहावे. सकाळी शंटवरचा आकडा आपल्या कागदाशी ताडून पाहावा. कागदावर ६० आणि शंटवर ८५ असतील तर २५ कुठे गेले ते शोधायला अजून वेळ असतो. सगळे दिवे आणि फ्रिज बंद करून शंटवर किती अँपिअर दिसतात ते पाहावे, आणि एकेक फ्यूज काढत गेल्यास चोर सापडतो.

ट्रेलर भाड्याचा असेल तर अशी रात्र मिळत नाही. तेव्हा मालकाला ताबा घेण्यापूर्वीच विचारावे: बॅटरी कोणत्या प्रकारची, किती अँपिअर-तासांची आणि किती वर्षांची, फ्रिज गॅसवर चालतो का, शंट आहे का, जनरेटर मिळेल का आणि तो चालवण्यास परवानगी आहे का. “बॅटरी चांगली आहे” हे उत्तर पुरेसे धरू नये.

जनरेटरही याच वेळी जोडून पाहावा. ट्रेलरला सर्ज प्रोटेक्टर असेल तर काही छोट्या जनरेटरवर तो अर्थिंगचा दोष दाखवून वीज आत सोडत नाही. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा खास प्लग लागतो, आणि तो वनात मिळत नाही.

७. प्रवास आणि पोहोचल्यावरचा क्रम

प्रवासात बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून ठेवण्याची सवय काहींना असते. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर चालतो. आपल्या ट्रेलरमध्ये मुख्य स्विच बंद केल्यावर ब्रेकअवेची वीजही जाते का हे तपासल्याशिवाय तो बंद करून रस्त्यावर जाऊ नये.

मुक्कामी पोहोचल्यावर आधी दुपारी बाराची सावली कुठे पडेल याचा अंदाज घ्यावा आणि मगच ट्रेलर उभा करावा. त्यानंतर गाडी जोडलेली आणि चालू असतानाच स्लाईड (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढावी, कारण ती २० ते ३० अँपिअर ओढते आणि गाडीचा तेवढाच हातभार लागतो. मग ७-पिनचा प्लग काढावा. तो रात्रभर लावून ठेवला तर काही गाड्यांमध्ये ट्रेलर गाडीचीच बॅटरी रिकामी करतो. शेवटी फ्रिज गॅसवर, अँटेनाचा बूस्टर बंद, इन्व्हर्टर बंद, आणि शंटचा आकडा वहीत.

८. मुक्कामातील रोजचा क्रम

सकाळी उठल्यावर सर्वांत आधी शंट पाहावा आणि आकडा लिहावा. जनरेटर लावायचा असेल तर सकाळीच लावावा, कारण तेव्हा बॅटरी सर्वांत रिकामी असते आणि वीज झपाट्याने घेते. जनरेटर सुरू करून मिनिटभर स्थिर होऊ द्यावा, ट्रेलरमधील पाण्याचा इलेक्ट्रिक हीटर बंद असल्याची खात्री करावी, फ्रिज “ऑटो” वरून काढून “गॅस” वर ठेवावा आणि मग केबल जोडावी. “ऑटो” वर ठेवला तर १२० व्होल्ट दिसताच फ्रिज स्वतःहून विजेवर जातो. फोन आणि लॅपटॉप याच तासात भरून घ्यावेत.

इशारा: जनरेटर ट्रेलरपासून किमान २० फूट दूर, धूर वाऱ्याबरोबर सर्वांपासून लांब जाईल असा ठेवावा, आणि तो चालू असताना कोणी ट्रेलरमध्ये झोपू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरच्या वेळा फलकावर लिहिलेल्या असतात. मोकळ्या वनात फलक नसला तरी पहाटे आणि रात्री तो लावू नये.

दिवसा पॅनेलवरील धूळ आणि पाइनच्या सुया झटकाव्यात आणि घडीचे पॅनेल दोन-तीनदा सूर्याकडे वळवावे. अंधार पडण्यापूर्वी पुन्हा आकडा पाहावा. आपल्या उदाहरणात संध्याकाळी वापरण्याजोगे ६० पेक्षा कमी उरले असतील तर रात्र निघणार नाही, हे तेव्हाच कळते आणि तासभर जनरेटर लावायला उजेड असतो.

थंडीत लिथियमची वेगळी काळजी घ्यावी लागते. ३२ अंश फॅरनहाइटखाली, म्हणजे शून्य अंश सेल्सिअसखाली, ती भरू नये. चांगल्या बॅटरीतील बीएमएस (आतली संरक्षक यंत्रणा) ते स्वतः थांबवते, पण मग सकाळचे ऊन आणि जनरेटर दोन्ही वाया जातात. बॅटरी ट्रेलरच्या आत ठेवावी किंवा आतून हीटर असलेली घ्यावी. बॅटरी बाहेरच असेल तर त्या दिवसापुरता जनरेटर सकाळऐवजी दुपारी लावावा.

९. निघताना आणि घरी आल्यावर

शेवटच्या सकाळी बॅटरी तळापर्यंत वापरू नये. स्लाईड आत घेणे आणि इलेक्ट्रिक जॅकने ट्रेलरची जीभ उचलणे ही कामे अजून बाकी असतात, आणि परतीच्या रस्त्यावर ब्रेकअवेलाही वीज हवी असते. किमान २० अँपिअर-तास यासाठी राखावेत. जॅकचा हातदांडा गाडीत आहे ना, हे घरून निघतानाच पाहिलेले बरे.

घरी पोहोचल्यावर लीड-ॲसिड बॅटरी त्याच दिवशी पूर्ण भरायला लावावी आणि भरून झाल्यावर पेशींतील पाण्याची पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालावे. रिकामी ठेवलेली लीड-ॲसिड बॅटरी कडक हिवाळ्यात गोठून फुटू शकते. लिथियम काही महिने वापरायची नसेल तर ५० ते ६० टक्क्यांवर ठेवावी. मुख्य स्विच बंद केला तरी काही ट्रेलरमध्ये गॅसचा सेन्सर चालूच राहतो, म्हणून लांब मुदतीसाठी ऋण तार बॅटरीवरूनच काढावी. छतावर सोलर असेल तर त्याआधी पॅनेलचा स्विच बंद करावा.